उपग्रह रेडिओचा राग

मी एक जुना उपग्रह रेडिओ आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल. तुम्हाला कळू लागण्याआधीच आमची जात संपली. सध्या मी बेंगळुरूत, सर्जापूर रोडवर, जुनी विजेची यंत्रे गोळा करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पडून आहे. माझ्या डोक्यावर मिक्सरचे फुटके भांडे आहे आणि बाजूला बंद पडलेले फोन. उद्या-परवा कुणीतरी माझे स्क्रू काढील. त्याआधी मला बोलायचे आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असे तुम्ही वाचले असेल. मला उसासे येत नाहीत. मला राग येतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दोन हातांत मावेल एवढे माझे अंग. पुढे हिरवट उजेडाची लहानशी काच आणि तिच्याखाली रबरी, उठावदार बटणे. पाठीमागून एक वायर निघे आणि तिच्या टोकाला एक चपटा अँटेना असे. तो माझा कान. साधा रेडिओ जमिनीवरच्या मनोऱ्याकडून ऐकतो. मी थेट आकाशातून ऐकत असे. पृथ्वीपासून फार उंचावर आमच्यासाठी एक उपग्रह होता. पृथ्वीच्या बरोबरीने तो फिरे, म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी टांगल्यासारखा असे. त्याच्याकडे कान नीट रोखला, की लडाख असो नाहीतर बेंगळुरू, तेच गाणे त्याच स्वच्छ आवाजात उतरे. खरखर नाही, शिट्टी नाही, दोन स्टेशनांची झोंबाझोंबी नाही.

माझ्यात एक कुलूपही बसवलेले होते. वर्गणी भरणाऱ्यालाच ऐकू यावे, म्हणून आकाशातला आवाज कुलूप लावूनच खाली येई आणि माझ्या आत उघडे. त्याची किल्ली कंपनीकडे. दुसरे काही ऐकण्याची सोय माझ्यात ठेवलेलीच नव्हती. आमच्यातल्या काही संचांना निदान साधा एफएम तरी लागे. मला तोही नाही. एकच दार, एकच किल्ली, आणि ती परक्याच्या खिशात. हे ज्यांनी ठरवले त्यांच्यावर माझा पहिला राग आहे.

मला विकत घेतले जयनगरच्या हयवदनरावांनी. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे घराणे तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण दर चार शब्दांनंतर एक कन्नड शब्द येऊन बसे. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई. लहानपणापासून त्या हिंदुस्थानी गाणे शिकलेल्या होत्या. मी घरात आलो तेव्हा त्यांना काचबिंदू झालेला होता. कडांकडून अंधार आत सरकत येतो तशी त्यांची नजर चहूबाजूंनी आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितले होते, की गेलेली नजर परत येणार नाही. म्हणूनच हयवदनरावांनी मला आणले. घरात ते कुणाला बोलले नाहीत, पण दुकानदाराजवळ बोलले. मी तेव्हा तिथेच खोक्यात होतो.

अँटेना कुठे ठेवावा, यावर पहिल्याच दिवशी अडले. उपग्रह पूर्वेच्या आकाशात, आणि पूर्वेच्या खिडकीसमोर शेजारच्या गंगव्वांचा माड. झावळी हलली की गाणे तुटे. हयवदनराव कुंपणाशी गेले.

"गंगव्वा, तुमच्या माडाच्या दोन झावळ्या तेवढ्या काढू का?"

"कशाला हो? तुमच्या अंगावर पडल्या काय?"

"नाही. माझ्या रेडिओच्या वाटेत येतात."

गंगव्वांनी मान वर करून बघितले. "रेडिओची वाट आकाशात कुठली?"

"तिकडं वर उपग्रह आहे."

"तुम्हाला दिसतो?"

"नाही."

"न दिसणारा तुम्हाला पाहिजे, आणिक दिसणारा माझा माड नको!"

आत पद्मावतीबाई हसत सुटल्या. शेवटी गंगव्वांनी परवानगी दिली, पण सकाळचे गाणे त्यांच्या अंगणात ऐकू आले पाहिजे या अटीवर. "स्वल्प जोरात ठेवा. सरी?"

"सरी, बरं," हयवदनराव म्हणाले, आणि त्याच दिवशी झावळ्या उतरल्या.

मग माझे खरे आयुष्य सुरू झाले. शास्त्रीय गाण्याच्या वाहिनीचे बटण सापडावे म्हणून हयवदनरावांनी त्यावर एम-सीलचा बारीक ठिपका लावून दिला. हळूहळू पद्मावतीबाईंच्या डोळ्यांपुढची माझी काच पुसट झाली, मग नाहीशी झाली. बोटांना मात्र मी दिसत राहिलो. पहाटे भैरव, दुपारी सारंग, संध्याकाळी पूरिया. ठिपक्यावर बोट ठेवले की दिवसाची वेळ कळे. कधी गाणाऱ्याने तान घेतली की त्या मध्येच म्हणत, "हे माझ्या गुरूंना आवडलं नसतं." कधी काहीच न बोलता भाजी निवडायची थांबत. येणारे-जाणारे विचारत, "हा कुठला रेडिओ हो? फार गोड वाजतो." हयवदनराव छाती काढून आकाशाकडे बोट दाखवत. मित्रांनो, स्तुती कुणाला आवडत नाही? मलाही आवडे.

आणि काही वर्षांनी, एका डिसेंबरच्या अखेरीस, सगळे थांबले.

सकाळी पद्मावतीबाईंनी ठिपक्यावर बोट ठेवले आणि मी गप्प. त्यांनी पुन्हा दाबले. हयवदनरावांनी अँटेना फिरवला, वायर काढून घातली, माडाकडे संशयाने पाहिले. मग फोन लावला. तिकडे कुणी उचलत नव्हते. कंपनी बुडाली होती. उपग्रह जागच्या जागी होता, मी धडधाकट होतो, गाणारे गात होते, ऐकणारी ऐकायला बसली होती. मधल्या लोकांनी तेवढा गाशा गुंडाळला. हयवदनराव मला जयनगरच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मला उघडून पाहिले आणि परत बंद केले.

"सर, हे बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणून दुरुस्तही करता येत नाही."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. म्हातारपणाने गेलो असतो, पडून फुटलो असतो, पावसात भिजलो असतो, तर माझी काही तक्रार नव्हती. यंत्राला मरण असतेच. पण अंगात काहीही बिघाड नसताना मला मुके केले गेले, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना एकाच दिवशी. आमच्यामागे बसलेल्या माणसांचे काय, हे कुणी विचारले? पद्मावतीबाईंच्या सकाळचे काय, हे कुणी विचारले?

हयवदनराव हट्टी. कितीतरी दिवस ते सकाळी उठून अँटेना पूर्वेकडे रोखत. शेवटी पद्मावतीबाईच म्हणाल्या, "अहो, सोडा आता. मी गाते की." आणि त्या गायल्या. गंगव्वा कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. घर पुन्हा गाते झाले खरे, पण गाणाऱ्याला स्वतःचे गाणे ऐकून विसावा मिळत नाही, हे त्या घरात फक्त मला कळत होते.

पुढे बरीच वर्षे मी शोकेसमध्ये बसून काढली. त्या काळात हयवदनराव गेले. मुलगा वादिराज व्हाइटफील्डला संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आईला सर्जापूर रोडवरच्या आपल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नेले आणि जयनगरचे घर विकले. पद्मावतीबाईंनी सामानातून काय काय घ्यायचे ते सांगितले, त्यात माझे नाव होते. वादिराज वाईट मुलगा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण यापुढे मी त्याच्यावर रागावणार आहे.

त्याने आईसाठी महागडा फोन आणला. "अम्मा, ह्यात जगातलं सगळं गाणं आहे."

पद्मावतीबाईंनी फोन हातात घेऊन चाचपला. "कुठं बोट ठेवायचं रे? सगळीकडं सारखंच लागतं."

"स्क्रीनवर, अम्मा. ते चित्र दिसतं ना—" तो मध्येच थांबला.

मग त्याने एक बोलका डबा आणला. त्याला तोंडाने सांगितले की तो गाणे लावतो म्हणे. पद्मावतीबाई त्याच्यापुढे बसल्या आणि एखाद्या ओळखीच्या बाईला सांगावे तसे म्हणाल्या, "बाई, स्वल्प यमन लाव की."

डबा इंग्रजीत म्हणाला, की मला समजले नाही.

"अम्मा, असं नाही. आधी प्ले म्हण."

"प्ले यमन."

डब्याने यमन नावाच्या देशातल्या लढाईची बातमी वाचायला सुरुवात केली. वादिराजला हसू आले. पद्मावतीबाईही हसल्या, पण दुसऱ्यांदा त्यांनी त्याला हाक मारली नाही. फ्लॅटमधल्या शोकेसमधून मी हे बघत होतो आणि माझा संताप होत होता. एवढी हुशार यंत्रे! पण दिवाणखान्यात बसलेल्या एका बाईला बोटाखाली एक उंचवटा हवा आहे, एवढे त्यांच्यातल्या एकालाही कळू नये?

एका रविवारी वादिराजने घराची आवराआवर काढली. जुने चार्जर, तुटकी इस्त्री, मी, सगळे एका खोक्यात भरले. ते खोके त्याने आपल्या नव्या गाडीत मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत टाकले. वाटेत हे गोळा करणारे दुकान होते. जाता येता द्यायचे, असा बेत. पण तो आणि त्याची बायको अनुषा दोघेही ऑफिसच्या कॅबने जात, गाडी आठवड्यातून एखाददा निघे आणि खोके द्यायचे राहून जाई. अशा रीतीने मी त्या गाडीत राहू लागलो.

एक दिवस पद्मावतीबाईंना डोळे तपासायला न्यायचे होते. त्या पुढच्या सीटवर बसल्या. मी त्यांच्या बरोबर मागे. सर्जापूर रोडवर नेहमीप्रमाणे गाड्या तटून उभ्या होत्या. वादिराजने कंटाळून गाडीतला रेडिओ लावला. बासरी सुरू झाली. इतकी स्वच्छ, की वादकाचा श्वास ऐकू यावा.

पद्मावतीबाई ताठ बसल्या. "वादिराज, हे कुठनं येतं? तो वरचा परत सुरू झाला काय?"

"नाही अम्मा. हा डिजिटल रेडिओ. आकाशवाणीच, पण नव्या पद्धतीनं. इथल्याच मनोऱ्यावरनं येतो. वर्गणी वगैरे काही नाही."

"खरखर अजिबात नाही की रे."

"तेच तर. नव्या गाड्यांत असतो हा."

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणिक तुझ्या अण्णांचा रेडिओ? तो कुठं ठेवलास?"

वादिराजने मान वळवून मागे, खाली पाहिले. खोक्याच्या उघड्या तोंडातून मी त्याला सरळ दिसत होतो.

"आहे अम्मा. कपाटात वर."

मित्रांनो, मी हातभर अंतरावर होतो. मला आवाज असता तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. मुका केल्याचा राग मी गिळला होता, शोकेसमध्ये बसवल्याचाही गिळला होता. पण ज्या बाईला दिसत नाही तिच्या पाठीमागे मला ठेवून, मी दुसरीकडे आहे असे तिला सांगावे? ते "कपाटात वर" माझ्या अजून कानात आहे.

त्या दिवसापासून पद्मावतीबाईंना गाडीची ओढ लागली. गाडी तळघरात असली की रेडिओ लागत नसे. मग अनुषा ऑफिसला जाण्याआधी गाडी वर आणून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उघड्यावर लावू लागली आणि किल्ली पद्मावतीबाईंकडे ठेवून जाऊ लागली. दुपारी चहा झाला की पद्मावतीबाई लिफ्टने खाली उतरत, काचा खाली करून पुढच्या सीटवर बसत आणि ऐकत. गाडीत आवाजाला एक गोल फिरणारे बटण होते. ते त्यांना पहिल्याच दिवशी सापडले.

आणि मी मागे बसून माझ्या वैऱ्याला ऐकू लागलो.

हो, सुरुवातीला वैरीच. माझी जागा घेणारा म्हणून मी त्याच्यातल्या खोडी शोधत होतो. तो तळघरात मुका होतो, यावर मी खूश झालो. मग आठवले, की तळघरात मलाही कधी ऐकू आले नसते. आम्हा दोघांचा स्वभाव एक. लागलो तर स्वच्छ, नाही तर एकदम शांत. जुन्या रेडिओसारखे खरखरत का होईना पोचणे आम्हाला जमत नाही. पण मला एका झावळीचा अडथळा होई. तो पुलाखालून जाताना, उंच इमारतींच्या मधूनही गात राही. माझा उपग्रह सबंध देशाला एकच गाणे देई. त्याचा मनोरा आपल्या टापूपुरता, पण त्यामुळेच आज कुठला रस्ता पाण्याखाली गेला आहे, हे तो सांगू शके. मी कुलूप घेऊन जन्मलो. तो उघडा. मला चालू ठेवणारे धंदा बुडाला तेव्हा निघून गेले. त्याला चालू ठेवणे हे लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे काम आहे. ते तिने टाळू नये, यासाठी कुणीतरी भांडले पाहिजे. महिनाभर ऐकल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला. तो चांगला गात होता, आणि पद्मावतीबाई ऐकत होत्या. मला राग यायचा तो आमच्या दोघांच्या मध्ये गेलेल्या वर्षांचा. एवढा सगळा काळ त्या दुसऱ्या कुणाचे गाणे न ऐकता बसल्या होत्या.

मग एका दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी आला. तनय नावाचा, पुण्याहून आलेला तरुण माणूस. खिडकीशी वाकून म्हणाला, "काकू, अ‍ॅक्चुअली हे व्हिजिटर पार्किंग आहे. ग्रुपवर कम्प्लेंट्स येतायत. काहींना तर वाटलं, तुम्हाला कुणी गाडीत कोंडून ठेवलंय."

"कोंडलं नाही हो. मी रेडिओ ऐकते."

"मग घरी मोबाइलवर ऐका ना. अ‍ॅप आहे, सगळं मिळतं."

"तुम्ही डोळे मिटून लावून दाखवा बघू."

तनय हसला, पण डोळे मिटून त्याने खरेच आपल्या फोनवर बोट फिरवले. दोन-तीनदा फिरवले. फोनमधून एका माणसाचा आवाज आला, "हां तनय, बोल." तनयने घाईघाईने डोळे उघडले. "सॉरी सर, चुकून लागला, सॉरी!" फोन बंद करून तो ओशाळून म्हणाला, "पॉइंट आहे काकू तुमचा. पण रूल सगळ्यांना सारखा ना? वादिराज आज घरूनच काम करतोय ना? मी त्याला खाली बोलावतो. तो गाडी आत लावेल."

"लावू दे. तुमचा नियम बरोबर आहे. गाडीत बसून रेडिओ ऐकायची वेळच माझ्यावर यायला नको होती."

त्या उतरण्याच्या तयारीला लागल्या. पाण्याची बाटली मांडीवरून निसटून दोन सीटांच्या मधून मागे घरंगळली. त्या दाराला धरून उतरल्या, मागचे दार उघडले आणि खाली हात घालून चाचपू लागल्या. आधी हाताला खोक्याची कड लागली. मग चार्जरची वायर. मग मी.

त्यांचे बोट माझ्या बटणांवरून सरकत ठिपक्यावर आले आणि तिथेच राहिले. किती वर्षांनी! ते बोट पूर्वीपेक्षा बारीक झाले होते. मला वाटले, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. दोन्ही हातांनी मला बाहेर काढून छातीशी धरून गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

वादिराज लिफ्टमधून बाहेर आला. "काय झालं अम्मा? तनयचा फोन आला—"

"वादिराज, कपाटात वर काय आहे?"

त्याने मला पाहिले आणि तो जागच्या जागी थांबला.

"मी विचारते, कपाटात वर काय आहे?"

"अम्मा, ऐक. तो लागतच नाही. किती वर्षं झाली. घरात नुसती जागा अडते, म्हणून—"

"लागत नाही हे तू मला सांगतोस? तो बंद पडला त्या सकाळी तू नव्हतास. मी होते. लागतो का, हे मी विचारलंच नाही. कपाटात आहे म्हणून का सांगितलंस?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"खोटं! मला दिसत नाही म्हणून." पद्मावतीबाईंचा आवाज गाण्यात तयार झालेला होता, तो पार्किंगभर गेला. "दिसत असतं, तर माझ्या पाठीमागं खोकं ठेवून तोंडावर असं सांगायची हिंमत झाली असती तुझी?"

तनय दोन पावले मागे सरकून जमिनीकडे बघत उभा राहिला.

"फोन आणलास, मला न विचारता. तो बोलका डबा आणलास, मला न विचारता. घर विकलंस, मग येऊन सांगितलंस. सगळं माझ्यासाठी केलंस, हे मला ठाऊक आहे रे. पण एकदा तरी विचार की! डोळे गेले माझे. तोंड आहे अजून."

वादिराज अगदी हळू म्हणाला, "चुकलं, अम्मा." आणि मग, "तुला काय पाहिजे?"

"बटण पाहिजे," पद्मावतीबाई म्हणाल्या. "बोटाला लागेल असं."

त्याने शोध सुरू केला, तेव्हा मला रागवायला आणखी एक कारण मिळाले. मनोरे उभे राहिले, नव्या गाड्यांत यंत्रे बसली. पण घरात टेबलावर ठेवायचा साधा डिजिटल रेडिओ दुकानात मागितला, तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतात. गाडी घेऊ शकणाऱ्याला ऐकू यावे आणि खुर्चीत बसणाऱ्या म्हातारीला येऊ नये, हा कुठला हिशेब? बऱ्याच खटपटीनंतर वादिराजला एक संच मिळाला. मोठी, कडक बटणे असलेला.

त्याने तो दिवाणखान्यात लावला. शांतता. झोपायच्या खोलीत लावला. शांतता. चहूबाजूंनी सिमेंट आणि लोखंड, त्यात घरभरच्या दिव्यांचा आणि यंत्रांचा गोंधळ. बिचाऱ्याला बाहेरचे काही ऐकूच येईना.

"नाही लागत अम्मा. परत पाठवतो," वादिराज म्हणाला आणि खोके शोधू लागला.

"थांब. तुझ्या अण्णांनी पहिल्याच दिवशी परत पाठवला असता काय?" त्या उठल्या. "दिवे बंद कर सगळे. तो घे आणिक माझ्यामागनं ये."

दोघे भिंतीभिंतीने फिरले. पुढे आई भिंतीला हात लावत, मागे मुलगा हातात रेडिओ धरून. मी टेबलावरून बघत होतो. स्वयंपाकघरातून ते कपडे धुण्याच्या बाल्कनीत गेले, आणि तिथून एकदम सतार ऐकू आली.

"इथंच!" पद्मावतीबाई ओरडल्या.

"अम्मा, इथं वॉशिंग मशीन आहे."

"मग मशीन हलव."

वादिराजने मशीन हलवले. एकट्याने ढकलता ढकलेना, तेव्हा अनुषानेही हात लावला. तिथे एक स्टूल आले, एक फळी ठोकली गेली. आता दुपारी पद्मावतीबाई तिथेच बसतात. वादिराज घरून काम करत असला की मध्येच येऊन दारात उभा राहतो. एकदा त्याने विचारले, "अम्मा, हा राग कुठला?" त्याने हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला असेल. पद्मावतीबाईंनी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो विसरला आणि त्याने पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले.

मग एका सकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "तो जुना आता देऊन टाकू. पण तू नाही. मी देते."

"ठेवायचा असेल तर ठेव, अम्मा. खरंच."

"कशाला? तो लागत नाही. त्याच्या आतलं कुणाच्या उपयोगी पडत असेल तर पडू दे."

त्या स्वतः मला मांडीवर घेऊन या दुकानात आल्या. दुकानातल्या माणसाने हात पुढे केला. पद्मावतीबाईंनी ठिपक्यावर एकदा बोट टेकवले, म्हणाल्या, "घ्या," आणि मला त्याच्या हातात दिले. मग वादिराजला म्हणाल्या, "चल लवकर, दुपारची मैफल सुरू होईल."

त्या गेल्या तेव्हा मला राग आला नाही. हे मलाही नवल वाटले. टाकल्याचा राग मला कधी नव्हताच, हे मला त्या दिवशी कळले. ज्यांनी मला मुके केले त्यांनी विचारले नव्हते. ज्याने मला खोक्यात भरले त्यानेही विचारले नव्हते. या बाईने मला हातात घेतले, विचार केला आणि दिले.

बाकीच्यांवरचा राग मात्र आहे आणि स्क्रू निघेपर्यंत राहील. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी यंत्रे बनवेल. ती आकाशातून ऐकणारी असोत की मनोऱ्यावरून, त्यांना एकच दार ठेवू नका आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन निघून जाऊ नका. बोटांना काही कळेल असे काहीतरी त्यांच्या अंगावर असू द्या. सगळी काच करू नका. नवा डिजिटल रेडिओ चांगला आहे. त्याचा मनोरा उद्या कुणी बंद करायला निघाले, तर गप्प बसू नका.

आणि तुमच्या घरात कुणी एखाद्या जुन्या वस्तूपाशी रोज जाऊन बसत असेल, तर ती उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. समोर बसून, खरे काय ते सांगून विचारा. कदाचित तो "टाकून दे" असेच म्हणेल. तरी विचारा.